माझ्या लॅपटॉपवरून कोण जातंय? (स्नोफ्लेक, व्हीपीएन आणि आमचे पोस्टमन बाबा)

ओसरीवरचा | रवि. रात्री १०:४२

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. आधी असा धागा येऊन गेला असेल तर संपादकांनी उडवावा, राग नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात इराणमध्ये महसा अमिनीचं प्रकरण (हिजाबवरून पकडलेली ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना मेली) पेटलं आणि तिकडे इन्स्टाग्राम, व्हॉट्सअप बंद केलं (फेसबुक-ट्विटर २००९ पासून आणि टेलिग्राम २०१८ पासून बंदच होतं) तेव्हा मी माझ्या ब्राउझरमध्ये स्नोफ्लेक नावाचं एक्स्टेन्शन टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, तिकडच्या माणसाला टॉर (कोण कुठली साइट बघतोय ते लपवणारं जाळं) वापरायचं असतं पण टॉरचे जाहीर पत्ते सरकारने अडवलेले असतात, मग त्याचं ट्रॅफिक आधी माझ्यासारख्या कुणाच्या तरी घरच्या कनेक्शनवर येतं, मधे बसून बघणाऱ्याला वाटतं हा कुणाशी तरी व्हिडिओ कॉलवर बोलतोय, आणि माझ्याकडून ते पुढे टॉरच्या जाळ्यात जातं. आत काय आहे ते मला दिसत नाही. मी फक्त मागचं दार उघडं ठेवून बसलोय. कुणी आलं की जांभळं चिन्ह हिरवं होतं आणि गेल्या २४ तासांत किती जणांना मदत झाली तो आकडा दिसतो. चार, सात, एकदा एकोणीस. खरं सांगतो, चटक लागते त्या आकड्याची, मॅच चालू असताना स्कोर बघावा तसा बघायचो मी.

तर बाबा. बाबा ३४ वर्षं पोस्टमन, सगळी नोकरी सायकलवर, घाटाखालच्या गावांमधे. या दिवाळीत इकडे आलेले, मी चहा घेऊन येतोय तोवर लॅपटॉपसमोर चष्मा वर करून बसलेले, "हे हिरवं काय रे?"

मी फुशारकीने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तू कुणाचं पत्र नेतोयस तेच तुला माहीत नाही."

म्हटलं, "तुम्हाला तरी कुठे माहीत असायचं? तुम्ही काय पाकिटं फोडून वाचायचात?"

"वाचत नव्हतो. पण पत्ता दिसायचा. आणि अंगावर खाकी शर्ट होता. काही वेडंवाकडं निघालं तर कुणाला जाऊन धरायचं ते लोकांना ठाऊक होतं. तुझ्याकडे कोण येणार विचारायला?"

चहा गार झाला पण मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री एक्स्टेन्शन बंद केलं, चार दिवसांनी चालू केलं, परत बंद. माझा प्रश्न व्हीपीएन (आपलं ट्रॅफिक दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवणारं ॲप) कायदेशीर आहे का हा नाहीये, तो गूगल करता येतो. प्रश्न असा की ज्याला मी ओळखत नाही, जो काय करतोय मला दिसत नाही, त्याला शिडी धरून उभं राहणं बरोबर आहे का?

पितळी_डबा | रवि. रात्री १०:५५

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर (म्हणजे न संपणारं भांडण) व्हायला किती प्रतिसाद लागतात बघू.

बिनतारी | रवि. रात्री ११:३०

ओसरीवरचा, आधी एक भीती काढून टाकतो. स्नोफ्लेक म्हणजे एक्झिट (टॉरमधून बाहेर पडायचा शेवटचा टप्पा) नव्हे. टॉरमधे तीन टप्पे असतात, पहिल्याला माणूस कोण ते कळतं पण तो कुठे चाललाय ते कळत नाही, शेवटच्याला कुठे चाललाय ते कळतं पण कोण ते कळत नाही, मधल्याला दोन्ही नाही. तुम्ही तर पहिल्याच्याही आधी उभे आहात, त्यामुळे समोरच्या साइटला तुमचा आयपी (कनेक्शनचा पत्ता) कधीच दिसत नाही. खरी जोखीम शेवटचा टप्पा चालवणाऱ्याची. २०१७ मधे मॉस्कोतल्या एका गणिताच्या शिक्षकाला याच कारणाने पकडलं होतं, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या पोस्टा याच्या आयपीवरून गेल्या म्हणून, नंतर आरोप मागे घेतले पण आधी तुरुंग आणि मग नजरकैद भोगून झालीच होती.

आता नैतिकतेचं. हे तंत्र मुळात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात जन्मलं, आणि त्यांना ते सगळ्या जगाला वापरायला द्यावं लागलं, का, तर फक्त नौदलवालेच वापरणार असतील तर टॉरवरून येणारा प्रत्येक जण नौदलाचाच हे शेंबड्या पोराला पण कळेल. लपायला गर्दी लागते. पंढरीच्या वारीत चोर असतात म्हणून वारी बंद करत नाही कुणी, आणि त्या गर्दीतून फक्त चोर वेगळे काढणारी चाळणी अजून तरी बनली नाहीये. जी चाळणी चोर पकडेल ती पत्रकारालाही पकडेल, भोकं चाळणी हातात असलेला ठरवतो.

खडूस_आजोबा | सोम. सकाळी ६:१२

वारीत पोलीस बंदोबस्त असतो हो बिनतारीराव, तो सोयीस्कर विसरलात.

आता कुणीतरी येऊन चाकूची उपमा देणार, की चाकूने भाजीही चिरतात आणि खूनही होतो, म्हणून आधीच सांगतो. चाकू विकणाऱ्याला गिऱ्हाईकाचं तोंड दिसतं. रक्ताळलेल्या कपड्यांनी कुणी आला तर तो विकणार नाही. तुमच्या या यंत्रात तोंडच दिसू नये अशी मुद्दाम सोय केलेली आहे. सिल्क रोड नावाचा अंमली पदार्थांचा बाजार याच टॉरवर भरत होता, २०१३ मधे उठवला. पोरांच्या बाबतीतले घाणेरडे प्रकार याच्यावर चालतात ते वेगळंच. धागाकर्त्याचे वडील शंभर टक्के बरोबर आहेत. जबाबदारी नको आणि पुण्य मात्र हवं असा हा मामला आहे.

सॉक्रेटिस_फ्रॉम_सातारा | सोम. सकाळी ८:०५

आजोबा, सकाळी सहाला? झोप नाही का लागत? (दिवा घ्या, गंमत करतोय)

खडूस_आजोबा | सोम. सकाळी ८:०९

फिरून आलो, दूध आणलं, मग लिहिलं. तुम्ही उठलात का नुकते?

मी_नाशिकची | सोम. सकाळी ९:४०

मला एकदम १९४२ ची काँग्रेस रेडिओ आठवली. ऑगस्ट ते नोव्हेंबर, जेमतेम तीन महिने, मुंबईत जागा बदलत बदलत उषा मेहता आणि त्यांचे सोबती चालवत होते. वर्तमानपत्रांत छापता येत नव्हतं ते तिथे ऐकू यायचं. शेवटी पकडले गेले, तुरुंगात गेले. तेव्हा ते बेकायदाच होतं ना? आज आपण त्यांचे पोवाडे गातो.

बिनतारी | सोम. सकाळी ९:५२

आज हे तंत्र लोकांना अगदीच परकं वाटतं म्हणून ही आठवण मोलाची. +१

खडूस_आजोबा | सोम. सकाळी १०:२०

प्रत्येक धाग्यावर कुणीतरी स्वातंत्र्यलढा आणणारच. ताई, उषा मेहता पकडल्या गेल्यावर कोर्टात उभ्या राहिल्या. नाव लपवून घरी चहा पीत नव्हत्या.

मी_नाशिकची | सोम. सकाळी १०:३१

पकडल्या गेल्यावर आजोबा. त्याआधी जागा बदलत होत्या त्या कशासाठी, हवापालट म्हणून?

पितळी_डबा | सोम. सकाळी १०:३३

आजोबांना इनो द्या कुणीतरी.

शारजाकर | सोम. दुपारी १:१५

इथून लिहितोय म्हणून जरा जपून लिहितो. यूएईत व्हॉट्सअपचे मेसेज जातात, कॉल लागत नाही. परवानगी असलेली ॲप्स आहेत, बोटिम वगैरे. कायदा असा की आयपी लपवून गुन्हा केला किंवा गुन्हा लपवला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड. कंपनीच्या कामाला, बँकेला व्हीपीएन चालतं. आता आईला कॉल करणं हा गुन्हा का, याचं सरळ उत्तर इथे मला आजपर्यंत कुणी दिलं नाही, वकिलानेही खांदे उडवले.

आल्यावर पहिलं वर्षभर मीही तेच केलं जे इथे सगळे करतात आणि कुणी कबूल करत नाही. आई इचलकरंजीला, तिला फक्त व्हॉट्सअपचं ते कॅमेऱ्याचं चिन्ह ओळखता येतं. मग एकदा बायको म्हणाली, आपण पाहुणे म्हणून आलोय, पगार घेतोय, घरमालकाचा नियम पटत नसेल तर घर सोडावं, भिंतीला भोक पाडू नये. मला ते लागलं. व्हीपीएन काढून टाकलं आणि भाच्याला सांगितलं आजीला बोटिम शिकव. दोन महिने लागले. पहिल्या वेळी आईने फोन उलटा धरला होता, अर्धा तास मी पंख्याशी बोललो.

पण धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे. मी पाहुणा होतो, उद्या विमानात बसून निघून जाऊ शकतो. ती इराणची पोरगी तिच्या स्वतःच्या घरात आहे, तिने कुठे जायचं? तुम्ही एक्स्टेन्शन चालू ठेवा.

खडूस_आजोबा | सोम. दुपारी ३:०२

शारजाकर, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

गलाईवाला | सोम. रात्री ९:१८

पितळी डबा काल म्हणाले तसं होतंय बघा, पण खरंखुरं काश्मीर.

आमचे काका श्रीनगरला असतात, सोन्या-चांदीच्या गलाईचं (वितळवून शुद्ध करायचं) काम. विटा-खानापूरची आमच्यासारखी बरीच घरं तिकडे आहेत, गणपतीसुद्धा बसवतात. २०१९ च्या ऑगस्टमधे सगळं बंद झालं तेव्हा कित्येक दिवस काका जिवंत आहेत का तेही कळायचं नाही, मग कुणाच्या तरी लँडलाइनवरून दीड मिनिट फोन आला, काकीचं रडणंच जास्त ऐकू आलं. पुढे थंडीत रेल्वे सुरू झाल्यावर लोक ट्रेनने बनिहालला जायचे, का तर तिथे इंटरनेट होतं. फॉर्म भरायला, मेल बघायला पोरं भल्या पहाटे निघायची.

२०२० च्या जानेवारीत टूजी आलं पण सरकारच्या यादीतल्याच साइट्स उघडायच्या, आधी दीडशेच्या आसपास होत्या मग ३०१ झाल्या. म्हंजे उलटा कारभार, अमुक बंद असं नाही, सगळंच बंद आणि एवढंच चालू. तेव्हा अख्ख्या खोऱ्यात व्हीपीएन पसरलं. दुकानातली पोरं एकमेकांना ॲप द्यायची, एक अडवलं की दुसरं. काका संध्याकाळी घरी आले की टाकायचे आणि सकाळी बाहेर पडायच्या आधी काढून टाकायचे, नाक्यावर फोन बघतात म्हणून, रोजचं, जसं काही पायात चप्पल घालणं. त्या फेब्रुवारीत व्हीपीएनवरून सोशल मीडियाचा गैरवापर केला म्हणून यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हाही नोंदवला होता. मार्चमधे सोशल मीडिया खुलं झालं, फोरजी यायला मात्र २०२१ चा फेब्रुवारी उजाडला.

काका व्हीपीएनवर काय बघायचे? सोन्याचा भाव. आणि नातीचे फोटो, ती त्याच हिवाळ्यात झाली.

हे पण लिहितो, नाहीतर अर्धं सांगितल्यासारखं होईल. त्याच व्हीपीएनवरून तिकडे अफवाही फिरायच्या, अमुक मेले तमुक जाळलं, काका स्वतः सांगायचे की दोनदा अफवेपायी दुकान ओढून घेतलं आणि नंतर काहीच झालेलं नव्हतं. पण त्यांचं म्हणणं, सगळं बंद होतं तेव्हा अफवा तोंडातोंडी फिरायच्या आणि खोडायचा काही मार्गच नव्हता. व्हीपीएन होतं तेव्हा निदान घरी विचारता यायचं, की बातम्यांत खरंच असं आहे का.

ओसरीवरचा | सोम. रात्री ९:४०

गलाईवाला, काय बोलू. नात आता किती मोठी झाली असेल.

रंकाळ्याच्या_काठी | सोम. रात्री १०:०७

आमच्याकडे कोल्हापुरात २०२३ च्या जूनमधे स्टेटसवरून राडा झाला तेव्हा नेट बंद केलेलं. तिथं तुमचं व्हीपीएन काय कामाचं? मोबाइल डेटाच नाही म्हटल्यावर. व्हीपीएन म्हंजे बोळ हो, रस्ता अडवला तर बोळातनं जाता येतं, गावच उचलून नेलं तर बोळ कुठला. माझं छोटं दुकान आहे, त्या दिवशी निम्मी गिऱ्हाइकं यूपीआयवाली, खिशात दमडी नाही, वहीत उधारी लिहून सोडली. एकजण अजून द्यायचा आहे, नाव सांगत नाही, पण तो ही साइट वाचतो :)

आईपण_भारीच_काम | मंगळ. सकाळी ११:२५

माझा मुलगा चौदा वर्षांचा, घरच्या वायफायला मी लावलेलं कुलूप त्याने फुकटच्या व्हीपीएनने दोन मिनिटांत उघडलं. इराण, काश्मीर सगळं मान्य, पण ही शिडी माझ्या घराच्या भिंतीलाही लागते. इंग्लंडमधे २०२५ च्या जुलैत वय तपासायचा नियम लागू झाला आणि लगेच व्हीपीएन ॲप्स डाउनलोडच्या यादीत सगळ्यात वर. ती सगळी काय लोकशाहीची लढाई होती का?

बिनतारी | मंगळ. सकाळी ११:५८

ताई, त्या कुलपाची गोष्ट राहू दे, ते "फुकटचं" आधी काढून टाका. फुकटच्या व्हीपीएनमधे गिऱ्हाईक तुम्ही नसता, माल असता. फेसबुकने ओनावो नावाची कंपनी २०१३ मधे घेतली, व्हीपीएन म्हणून लोकांना दिलं आणि लोक कुठली ॲप्स किती वापरतात ते त्यातून बघत बसले, २०१८ मधे ॲपलने ते काढायला लावलं. होला नावाचं अजून एक, ते वापरणाऱ्यांच्याच कनेक्शनवरून दुसऱ्यांचं ट्रॅफिक सोडायचं आणि ती बँडविड्थ विकायचं, २०१५ मधे बोभाटा झाला. मला विचाराल तर खरी अनैतिक जागा ही आहे. ओसरीवरचा यांना निदान माहीत आहे की दार उघडं आहे, आणि ते त्यांनी स्वतः उघडलंय. होलावाल्यांना कल्पनाच नव्हती. चिरंजीवांना हे सांगा, ओरडण्यापेक्षा जास्त लागू पडेल. त्या वयाला फसवलो गेलो हे फार झोंबतं.

वकीलीणबाई | मंगळ. रात्री ८:५०

कोर्टातून आत्ता आले, सगळे प्रतिसाद वाचले. धागाकर्त्याच्या बाबांचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला, पण त्यांनी एक गोष्ट गाळली. खाकी शर्टवाल्याच्या हातातलं पाकीटही उघडता यायचं. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात कलम २६ होतं, सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षेसाठी लेखी हुकूम काढून टपाल अडवता यायचं, आता २०२३ च्या नव्या कायद्यातही तशी सोय आहे. म्हणजे टपालाची गुप्तता कधीच पूर्ण नव्हती, ती हुकमावर टांगलेली होती. मग प्रश्न उरतो तो हुकूम कसा आहे, कोण बघू शकतं, कोण आव्हान देऊ शकतं.

आणि तिथे आपल्याकडे मोठी गंमत आहे. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मधे फेसबुकवरच्या पोस्ट आणि लाइकवरून अटक झाली ते आठवत असेल, त्यातून पुढे २०१५ मधे सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा) रद्द केलं. पण त्याच निकालात ६९अ, म्हणजे साइट बंद करायचा अधिकार, कायम ठेवला, कारण त्यात प्रक्रिया आहे, समिती आहे, कारणं लिहावी लागतात. छान. पण २००९ च्या नियमांतला १६ वा नियम म्हणतो की हे सगळं गोपनीय ठेवायचं. उलट २०२० मधे अनुराधा भसीन खटल्यात कोर्टाने सांगितलं की इंटरनेट बंद करायचे हुकूम जाहीर करायलाच हवेत. म्हणजे अख्खं गाव बंद केलं तर हुकूम दाखवा, एकच घर बंद केलं तर तो गुपित!

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं देते. ती नारिंगी शंकूवाली व्हीएलसी प्लेयरची साइट, २०२२ मधे भारतात कित्येक महिने उघडत नव्हती. त्यांना नोटीस नाही, हुकमाची प्रत नाही. शेवटी त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली, मग नोव्हेंबरात उघडली. त्याआधी २०१४ च्या डिसेंबरात ३२ साइट्स एका फटक्यात बंद केल्या होत्या, दहशतवादी मजकुराचं कारण देऊन, त्यात गिटहब आणि इंटरनेट अर्काइव्हसुद्धा होतं. ज्याला आपल्याविरुद्धचा हुकूमच बघायला मिळत नाही त्याने अपील कशावर करायचं?

त्यात २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना सांगितलं की गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, आयपी पाच वर्षं जपून ठेवा. बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलून नेले. व्हीपीएन वापरणं देशभर गुन्हा नाही, पण जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत २०२५ मधे बंदीचे हुकूम निघाले. एकूण हिशोब असा होतो, हुकूम काढणाऱ्याने तोंड झाकलेलं चालतं, चालणाऱ्याने झाकलेलं चालत नाही.

आजोबा, तुम्ही तोंड दिसायला हवं म्हणता ते मला मान्य आहे. दोघांचंही दिसू दे.

खडूस_आजोबा | मंगळ. रात्री ९:३३

वकीलीणबाई, हे मला पटलं नाही असं म्हणणार नाही. व्हीएलसीचं माहीत नव्हतं, नातवाला वाटलं मीच काहीतरी दाबलं. तरी पोराबाळांच्या बाबतीतल्या गुन्ह्यांचं उत्तर कुणीच दिलं नाही हे नोंदवून ठेवतो.

बिनतारी | मंगळ. रात्री ९:५०

उत्तर नाहीये आजोबा, पूर्ण तर नाहीच. सिल्क रोडवाला सापडला तो टॉर फोडून नव्हे, सुरुवातीला एका फोरमवर स्वतःच्या नावाचा ईमेल देऊन बसला होता त्यावरून माग लागला. पोलिसांना जुनी पद्धत शिल्लक राहते, जास्त मेहनतीची. ती पुरेशी आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही.

मी_नाशिकची | मंगळ. रात्री ९:५४

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि आजोबा "पटलं नाही असं म्हणणार नाही" म्हणाले याचा स्क्रीनशॉट घेतलाय.

ओसरीवरचा | बुध. रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. एक्स्टेन्शन सध्या चालू आहे, आत्ता हे लिहिताना हिरवं आहे. आकडा मात्र बघायचा नाही असं ठरवलंय, आजोबांचं ते पुण्याचं वाक्य लागलं.

वकीलीणबाईंचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. कलम २६ ऐकल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, नोकरीला लागलो ते आणीबाणीत. नवा होतो. माझ्या बीटावर एक मास्तर होते, त्यांची पत्रं सॉर्टिंगला न येता आधी साहेबांच्या टेबलावर जायची आणि दोन दिवसांनी माझ्या पिशवीत यायची. डिंक ओला असायचा, कधी कधी पाकिटाचा कोपरा सुरकुतलेला.

मी विचारलं, हुकूम होता?

"असेल की. मला कुणी दाखवला नाही, मी विचारला नाही. खाकी शर्ट होता ना अंगावर."

"मग मास्तरांना सांगितलंत का कधी?"

"सांगायचं कसं, नोकरी होती. सगळी टपालं पत्त्याची बाजू वर करून द्यायची पद्धत. मास्तरांचं तेवढं मी उलटं करून द्यायचो, डिंकाची बाजू वर. ते अंगठा फिरवून बघायचे आणि म्हणायचे, बस, पाणी पिऊन जा."